बी.एड. करताना बाळ लहान असेल तर: हजेरी, आंतरवासिता, दूध आणि शिष्यवृत्तीचे कागद

खडूफळा
अध्यापक महाविद्यालयात विद्यार्थिनी मदत कक्षाचं काम माझ्याकडे आलं आहे. दोन वर्षांच्या बी.एड.ला लग्न झालेल्या मुली बऱ्याच असतात. दरवर्षी त्यांतल्या काही गरोदर असतात, काहींची बाळं वर्षाच्या आतली असतात. आतापर्यंत सगळं 'मॅडमच्या कानावर घालून ठेवा, बघू' या पद्धतीने चालत आलंय. त्या मॅडमची बदली झाली की सवलतही त्यांच्याबरोबर जाते. म्हणून महाविद्यालय विकास समितीपुढे लेखी मसुदा ठेवायचा आहे. विचारायचं ते असं:

हजेरीत महाविद्यालय स्वतःच्या अखत्यारीत किती करू शकतं आणि विद्यापीठाकडे काय पाठवावं लागतं? आधार म्हणून कुठला कागद जोडायचा? अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईसाठी कमीत कमी काय सोय हवी? आणि लग्नानंतर शिष्यवृत्तीचे अर्ज अडकतात, ते नेमके कशाने?

सहानुभूती भरपूर आहे, मसुद्यात काय लिहायचं ते सांगा.

आवकजावक
आधी दिवसांचा हिशेब मांडा. एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमांप्रमाणे बी.एड.ला वर्षाला किमान २०० कामाचे दिवस लागतात, प्रवेश आणि परीक्षेचे दिवस सोडून. तासिका आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी, शालेय आंतरवासितेला (शाळेत जाऊन करायच्या अध्यापनाच्या सरावाला) ९० टक्के. म्हणजे २०० पैकी ४० दिवस बुडाले तरी चालतं. सहा दिवसांचा आठवडा धरला तर बाळंतपणाचे सहा आठवडे म्हणजे ३६ दिवस. कागदावर बसतं. पण आधीच्या महिन्यांत उलट्या, तपासण्या, सोनोग्राफी यांत पाच-सात दिवस गेलेलेच असतात, आणि तिथेच गाडी ७८-७९ टक्क्यांवर अडकते.

आंतरवासितेचं गणित याहून कडक. दुसऱ्या वर्षी १६ आठवडे, म्हणजे ९६ दिवस. त्याचे ९० टक्के ८७. हातात राहतात नऊ दिवस. त्यात बाळंतपण बसणारच नाही. तेव्हा 'किती दिवस रजा' याच्या आधी 'तारीख कुठल्या टप्प्यात येते' हे विचारा. मसुद्याचं पहिलं कलमच असं ठेवा: विद्यार्थिनीने पाचव्या महिन्यापर्यंत अपेक्षित तारीख कळवावी आणि समन्वयकाने त्यानंतर १५ दिवसांत तिचं वैयक्तिक वेळापत्रक लिहून द्यावं. त्यात सराव पाठ कधी, सूक्ष्म अध्यापन (छोट्या गटापुढचा छोटा पाठ) कधी, आंतरवासितेचे दोन तुकडे करायचे का, हे सगळं यावं. कळवायला उशीर झाला म्हणून सवलत नाकारू नये, हेही त्याच कलमात लिहा. पहिल्या तीन-चार महिन्यांत कॉलेजात सांगायला मुली कचरतात.

आंतरवासिता आणि तारीख एकमेकांवर आदळत असतील तर दिवस माफ करून मागू नका, मुदत वाढवून मागा. माफी मिळाली तरी पुढे नोकरीच्या वेळी कुणी आंतरवासितेचे दिवस मोजले तर त्रास त्या मुलीलाच. दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम प्रवेशापासून तीन वर्षांत पुरा करता येतो, हे त्याच नियमांत आहे. उरलेले आठवडे पुढच्या तुकडीबरोबर करता येतात. फक्त आधीचे पाठ, टाचणं आणि निरीक्षणं ग्राह्य धरल्याचं पत्र त्याच वेळी घेऊन ठेवा, नाहीतर नवे समन्वयक पहिल्या पाठापासून सुरू करायला लावतात.

आता आधार. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) १४ डिसेंबर २०२१ रोजी सगळ्या विद्यापीठांना पत्र पाठवलं आहे. एम.फिल., पीएच.डी.ला प्रसूती आणि बालसंगोपन रजेची तरतूद आधीपासून होतीच. पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठीही रजेचे नियम करा आणि हजेरी, परीक्षा अर्जाची मुदत व इतर आवश्यक बाबींत सूट द्या, असं त्यात म्हटलंय. पत्राने नियम आपोआप होत नाही, विद्यापीठाने तो करायचा असतो. तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक निघालं असेल तर आधी ते जोडा, नसेल तर यूजीसीचं पत्र जोडून विद्यापीठाला विचारणा करा.

न्यायालयांचं म्हणाल तर दोन्ही बाजूंचे निकाल आहेत. मे २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मेरठच्या विद्यापीठातल्या एम.एड.च्या विद्यार्थिनीची ५९ दिवसांची प्रसूती रजा तासिकांच्या हजेरीत विचारात घ्यायला सांगितली. त्याच न्यायालयाने २०१८ मध्ये एलएलबीच्या विद्यार्थिनीला सवलत नाकारली होती. म्हणून 'कोर्टाने सांगितलंय' एवढ्यावर मसुदा उभा करू नका. नमुना हवा असेल तर केरळातल्या कोट्टायमच्या महात्मा गांधी विद्यापीठाचा बघा. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी ६० दिवसांची रजा ठरवली, सुट्ट्या धरून, पहिल्या किंवा दुसऱ्या गरोदरपणासाठी, अभ्यासक्रमात एकदाच. तुमच्या मसुद्यात गर्भपात झाला तर काय, हेही घाला. ते बहुतेक ठिकाणी राहून जातं आणि मग ती मुलगी 'आजारी' या रकान्यात जाते.

अर्ज असा: प्राचार्यांच्या नावे, विषयात स्पष्ट 'प्रसूती रजा व हजेरी सवलत', सोबत माता-बाल संरक्षण कार्डाची प्रत आणि अपेक्षित तारखेचा डॉक्टरांचा दाखला. दोन प्रती काढा. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. प्राचार्यांच्या अधिकारातली हजेरीची सूट जेवढी असेल तेवढी तिथेच. त्यापलीकडचं प्रकरण प्राचार्यांच्या शिफारशीसह विद्यापीठाकडे. हे परीक्षा अर्ज सुटायच्या आधी गेलं पाहिजे. गैरहजरांची यादी फळ्यावर लागल्यानंतर गेलेला अर्ज आणि आधी गेलेला अर्ज, दोन्हींत मजकूर तोच असला तरी वजन वेगळं पडतं.

चूक सगळ्यांत जास्त कुठे होते? हजेरीपटावर. रजेचे दिवस कोरे सोडले जातात, महिनाअखेरीला बेरीज करणारा कोऱ्या चौकटी 'गै' धरतो. लाल शाईने 'प्र.र.' (प्रसूती रजा) लिहायचं आणि शेरा रकान्यात आदेशाचा क्रमांक टाकायचा. हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये तसा पर्याय नसला तरी 'ऑन ड्यूटी' दाखवू नका, तपासणीत ती खोटी नोंद ठरते. छापील पट काढून त्यावर शेरा मारा आणि प्राचार्यांची सही घ्या.

शेवटचा_बाक
बाकीच्या मुलांवर हा अन्याय नाही का? कुणाची आई आजारी असते, कुणी रात्रपाळी करून येतं. त्यांना कोण देतं ८० टक्क्यांत सूट?

आवकजावक
रात्रपाळीवाल्यांसाठीही नियम हवा, तो वेगळा मसुदा, जरूर मांडा. इथे गुण कुणालाच फुकट मिळत नाहीत. पेपर तोच, पाठांची संख्या तीच, आंतरवासितेचे दिवस तेवढेच. बदलते ती तारीख. अंतर्गत मूल्यमापनाबाबत मात्र मसुद्यात नेमकं लिहा, कारण अन्यायाची तक्रार तिथूनच येते. बुडालेल्या चाचणीला सरासरी गुण देऊ नका. त्याच काठिण्याची दुसरी चाचणी रुजू झाल्यावर २१ दिवसांत घ्या.

परीक्षेचंही लिहून ठेवा. आईला जादा वेळ मिळण्याचा सर्वसाधारण नियम नाही, तेव्हा तो कबूल करू नका. करता येतं ते एवढं: तळमजल्यावर, दाराजवळ बैठक; घरातली एक बाई बाळाला घेऊन शेजारच्या खोलीत; आणि मधे पाजायला जायचं झालं तर महिला पर्यवेक्षक सोबत, जाण्या-येण्याची वेळ पर्यवेक्षकाच्या अहवालात. घड्याळ थांबत नाही, हे तिला आधीच सांगा. केंद्र दुसऱ्या महाविद्यालयात असेल तर आठ दिवस आधी तिथल्या वरिष्ठ पर्यवेक्षकांना पत्र द्या. फाटकावरचा रखवालदार बाळासकट आलेल्या आजीला आत सोडत नाही, ते त्या पत्राने सुटतं.

वाटीचमचा
दुधाच्या सोयीबद्दल. खोलीला 'हिरकणी कक्ष' म्हणा, एसटी स्टँडमुळे हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे, शिपायालाही समजावावं लागत नाही. आठ बाय दहा फूट पुरते. आतून कडी, हाताची खुर्ची, खुर्चीच्या हाताशी प्लग, छोटं टेबल, झाकणाची कचरापेटी, बेसिन जवळ. शौचालयाचा कोपरा म्हणजे हिरकणी कक्ष नव्हे. किल्ली कार्यालयात ठेवू नका. क्लार्क जेवायला गेला की खोली बंद, आणि वर्षभरात तिथे जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येतात. बाहेरून नंबरांचं कुलूप लावा, नंबर त्या त्या सत्रातल्या आयांनाच द्या आणि सत्र बदललं की बदला.

वेळापत्रकात साधारण तीन तासांनी २० मिनिटांची मोकळीक हवी. बाळ लहान असताना त्याहून जास्त ताण पडला की छाती दाटते, दूध गळतं, गाठी होतात. एखादा भाग लाल, गरम, दुखरा झाला आणि ३८ अंशांवर ताप गेला तर डॉक्टरकडे जायचं. मात्र पाजणं किंवा दूध काढणं बंद करायचं नाही, बंद केलं की ते चिघळतं.

काढलेल्या दुधाचे नियम खोलीत भिंतीवर लावा:
ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात ४ तास. आपल्याकडे मार्च ते जूनमध्ये वर्गात २५ अंश कुठून मिळणार, त्या दिवसांत हा आकडा विसरा आणि काढल्या काढल्या थंड करा.
गोठवलेल्या बर्फाच्या पिशव्यांसह थर्मल बॅगेत २४ तास.
फ्रिजमध्ये ४ दिवस, मागच्या बाजूला. दारात नाही, दार उघडझाप होऊन तिथलं तापमान हलतं.
फ्रीझरमध्ये ६ महिन्यांपर्यंत उत्तम.
गोठवलेलं वितळलं की फ्रिजमध्ये २४ तास, परत गोठवायचं नाही.
बाळाने अर्धवट पिऊन सोडलेलं २ तासांत संपवायचं, नाहीतर टाकायचं.

एका डब्यात ६० ते ९० मिलि. भरा, वर तारीख-वेळ लिहा. मोठी बाटली भरली की उरलेलं फुकट जातं. कोमट करायला गरम पाण्याच्या भांड्यात डबा ठेवा. मायक्रोवेव्ह नको, काही भाग चटका बसेल इतका तापतो आणि वरून कळत नाही. घरी आजीने पाजायचं तर वाटी-चमचा चांगला, बाटलीची सवय लागली की काही बाळं अंगावर प्यायला कुरकुरतात. बोंडलं वापरायचं तर त्याची चोच आतून साफ होते की नाही ते उजेडात धरून बघा.

पंपाबाबत एकच. 'ओढत नाही, दूध आटलं' असं वाटून मुली घाबरतात, तेव्हा बहुधा पंपाची झडप सैल किंवा फाटलेली असते. सिलिकॉनची ती चोचीसारखी झडप चिमटीत दाबून बघा, तोंड आपसूक मिटत नसेल तर बदला. फनेलचं मापही बघा, स्तनाग्र कडांना घासत असेल तर मोठा हवा. नवा पंप कॉलेज सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी घरी वापरायला घ्यावा. हाताने काढणं जमत असेल तर तेही उत्तम, उकळलेली स्टीलची वाटी आणि धुतलेले हात एवढंच लागतं.

आंतरवासितेची शाळा देताना गुणवत्ता यादीप्रमाणे देण्याची पद्धत असते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची आई असेल तर घरापासूनचं अंतर आधी बघा. बाळ अंगावरच असतं त्या काळात, आणि तीस किलोमीटरवरची एसटी चुकली की पाजण्याची एक वेळ गेलीच.

खडूफळा
'प्र.र.'ची नोंद आणि नंबरांचं कुलूप, दोन्ही मसुद्यात घेतलं. शिष्यवृत्तीचं कुणी सांगेल का? आणि आमच्याकडे संशोधन केंद्र आहे, पीएच.डी.च्या मुलींसाठी वेगळं काही?

सेतूतला
कागदांचे घोळ तीन जागी होतात.

नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. महाडीबीटी (राज्याचं शिष्यवृत्तीचं संकेतस्थळ) आणि एबीसी/अपार खातं (विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा होतात ते) आधारवरचं नाव धरतात, विद्यापीठ गुणपत्रिकेवरचं. लग्नानंतर नाव बदलायलाच हवं असा कायदा नाही. शिकत असेपर्यंत आधारवरही माहेरचंच राहू द्यावं, पदवी प्रमाणपत्र हातात आलं की मग काय ते बदलावं. आधीच बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रातली जाहिरात, दोन्हींच्या प्रती प्रत्येक अर्जाला जोडा.

उत्पन्न. इथे दोन दाखल्यांचे नियम उलटे आहेत आणि मुली नेमके तेच गोंधळतात. ओबीसी विद्यार्थिनीचं नॉन-क्रीमी लेयर आई-वडिलांच्या स्थितीवर ठरतं, नवऱ्याचं उत्पन्न त्यात येत नाही. म्हणजे लग्न झालं तरी कागद माहेरचे. ईडब्ल्यूएसमध्ये (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकात) मात्र कुटुंब म्हणजे ती स्वतः, आई-वडील, १८ वर्षांखालची भावंडं, शिवाय नवरा आणि १८ वर्षांखालची मुलं. सगळ्यांचं मिळून ८ लाखांच्या आत हवं. नवरा नोकरीला लागला आणि ईडब्ल्यूएस गेलं, हे प्रवेशाच्या दिवशी कळून उपयोग नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास), ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, पण प्रवेश कॅप फेरीतून (शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) हवा. संस्था पातळीवरच्या कोट्यात घेतलेला प्रवेश त्यात बसत नाही. आपला अभ्यासक्रम यादीत आहे का तेही आधी बघा.

खंड. शुल्क शिष्यवृत्तीच्या काही योजनांत अभ्यासक्रमाच्या मधे दोन किंवा अधिक वर्षांचा खंड चालत नाही. म्हणून 'सोडून दे, बाळ मोठं झालं की परत ये' हा सल्ला देण्याआधी तिच्या योजनेची अट वाचा. नोंदणी चालू ठेवून रजा घेतली तर तो खंड होत नाही, नाव काढून घेतलं तर होतो. कॉलेज सोडल्याचा दाखला मागायला आलेल्या मुलीला क्लार्कने आधी मदत कक्षाकडे पाठवावं, हे मसुद्यात एक ओळ म्हणून टाका.

पैसे कुठल्या खात्यात गेले हा चौथा घोळ म्हणा हवं तर. थेट लाभ आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. दुसऱ्या एखाद्या योजनेसाठी नवं खातं उघडून आधार जोडलं की शिष्यवृत्ती तिकडे जाते, आणि मुलगी जुन्या पासबुकात शोधत बसते. आधार कुठल्या बँकेशी जोडलंय ते एनपीसीआयच्या (राष्ट्रीय देयक महामंडळाच्या) संकेतस्थळावर बघता येतं. प्रधानमंत्री मातृवंदनेचे पहिल्या बाळाचे ५,००० रुपयेही (३,००० आणि २,००० अशा दोन हप्त्यांत) त्याच वाटेने येतात. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,०००. पात्रतेच्या अटी आहेत, अंगणवाडी ताई किंवा आशा ताईंकडून तपासून अर्ज भरा. विद्यार्थिनी आहे म्हणून अपात्र, असं नाही.

गाईडच्या_मागे
पीएच.डी.चं सोपं आहे, कारण नियमातच आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत महिला संशोधकांना पूर्ण कालावधीत मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा देता येते. मुदत ६ वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी २, महिलांना आणखी २. प्रवेशापासून एकूण १० च्या वर नाही. मुदतवाढ मागावी लागते, आपोआप मिळत नाही.

पथ्य दोन. रजेआधी कोर्सवर्क संपवून टाकावं, ते अर्धवट राहिलं की पुढच्या तुकडीची वाट बघावी लागते. आणि दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. रजेच्या सत्रासाठी समितीच्या इतिवृत्तात 'रजेवर, सादरीकरण पुढील सत्रात' अशी नोंद करून घ्यावी. ती नसली की मधलं सत्र 'प्रगती असमाधानकारक' म्हणून वाचलं जातं. फेलोशिप असेल तर रजेचा आदेश त्याच महिन्यात तिकडच्या कक्षाला द्या, कारण मासिक पडताळणी अडकली की पैसे थांबतात. जेआरएफ-एसआरएफचा (कनिष्ठ व वरिष्ठ संशोधन फेलोशिपचा) काळ पाच वर्षांचा आणि नोंदणीचा सहा वर्षांचा. नोंदणी वाढली म्हणून फेलोशिप वाढली असं समजू नका.

नवऱ्याची बदली झाली तर संशोधनाची सामग्री दुसऱ्या संस्थेत नेता येते, तेही याच नियमांत आहे. काम एखाद्या निधी-प्रकल्पातलं असेल तर मात्र नाही. बाप झालेल्या संशोधकाला या २४० दिवसांतलं काही मिळत नाही, हे मला पटत नाही. तुमचा मसुदा महाविद्यालयाचा आहे तर त्यात बापासाठी १५ दिवस टाकून बघा, फार तर समिती खोडेल.

खडूफळा
टाकतो. आता एकच राहिलं, पाळणाघर. जागा आहे, पैसा नाही.

वाटीचमचा
चार-पाच बाळांसाठी स्वतःचं पाळणाघर काढू नका. एक ताई ठेवली तर ती आजारी पडली त्या दिवशी सगळ्या आया घरी, दोन ठेवल्या तर खर्च झेपत नाही. आधी महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा, जवळ 'पाळणा' योजनेतलं अंगणवाडी-पाळणाघर आहे का. ते ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलांसाठी असतं आणि आई नोकरीच करत असली पाहिजे अशी अट नाही. नसेल तर जवळच्या खासगी पाळणाघराशी महाविद्यालयाने लेखी बोली करावी: दिवसावारी दर, महिन्याची सक्ती नाही, सुट्ट्या आणि परीक्षेच्या काळात खाड्यांचे पैसे लावायचे नाहीत. मुलींना खरा भुर्दंड पडतो तो महिन्याच्या दराचा, कॉलेज जेमतेम वीस दिवस असतं. विद्यार्थी कल्याण निधीतून काही भाग द्यायचा तर पैसे पाळणाघराला पावतीवर द्या. जागा बघायला जाल तेव्हा पाण्याचं पिंप, जिन्याचं दार, औषधांचं कपाट आणि गॅस सिलिंडर कुठे ठेवलाय हे चार आधी बघा. सहा महिन्यांच्या आतलं बाळ सहसा घेत नाहीत, त्यांच्यासाठी आजी किंवा मावशीला हिरकणी कक्षाशेजारच्या खोलीत बसू देणं हाच उपाय. तसा पास छापून घ्या, बाळाच्या आणि त्या बाईच्या नावाने, सत्रभर चालेल असा.